आप्पांच्या खोलीपर्यंत तार

बार्शी मागं पडली तेव्हा आप्पा म्हणाले, "डाक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणला, ते सांग आता."

दीपाली एसटीच्या खिडकीची काच ओढत होती. "काही नाही आप्पा. थेंब टाका, आठ दिवस धुळीत जाऊ नका..."

"ते माझ्यासमोरच म्हणला की. नंतरचं सांग. मला न सांगितल्यानं डोळा राहणार हाय व्हय?"

मग तिनं सांगितलं. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याचा मधला भाग विरत चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत. सहा महिने धरा, असं डॉक्टर म्हणाले होते.

आप्पांनी ऐकून घेतलं. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची एकतीस वर्षं गेली होती, त्यातली शेवटची बारा माकणीच्या धरणावर. वाईट बातमी ऐकताना त्यांची मान नुसती हलायची, कुणी धरणातली पातळी सांगावी तशी. आताही ती तशीच हलली. ते सुनेकडं थेट बघत नव्हते. थेट बघितलं की तोंडाच्या जागी धुरकट डाग यायचा. म्हणून मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची सवय त्यांनी स्वतःच लावून घेतली होती.

येडशीचा थांबा आला.

"मग मला तुझ्या सासूला बघायचंय," आप्पा म्हणाले.

"घरात फोटो आहे की."

"त्या फोटूत ती न्हाय. आधार कार्डाचा फोटू मोठा करून आणलाय तुमी. ती इतकी गप कवा बसली व्हती? शिवाच्या डबीत हाय ती. हलती, बोलती. मला तीच बघायचीय, अन् माझ्या खोलीत बसून."

डबी तिला ठाऊक होती; थोरल्या दिराचं सगळं शूटिंग तिच्यात साठवलेलं होतं. पण डबी भिंतीच्या पलीकडं होती.

घराच्या मधोमध ती भिंत घालून चार वर्षं झाली होती. पुढचा भाग थोरल्या शिवशंकरकडं, त्यात त्याचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. मागचा भाग धाकट्या रणधीरकडं. अव्वाची खोली मागच्या भागात आली, म्हणून आप्पा धाकट्याकडं राहिले. द्वारकाबाईंना सगळं घर अव्वा म्हणायचं.

अव्वा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्याआधीच्या दिवाळीत शिवशंकरच्या काळजात जाळी बसवली होती, म्हणून लाट वाढल्यावर तो आणि त्याची बायको इरम्मा शेतातल्या खोलीत राहायला गेले होते. इकडं अव्वाला ताप आला, रणधीरनं तिला लातूरला नेलं, आणि दोन दिवस भावाला फोनवर सांगत राहिला, की अव्वा बरी हाय, निजलीय. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं, तेव्हा ती बोलायची थांबली होती. पाचव्या दिवशी गेली. तिला घरी आणू दिलं नाही. मला आईचं तोंड बघू दिलं नाही, हे शिवशंकर तेव्हापासून म्हणत आला. दहाव्याला रणधीर एकदाच म्हणाला, "अव्वानंच सांगितलं होतं, दादाला कळवू नको." त्यावर शिवशंकर म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालू नको. खोटारडा हायेस तू." त्यानंतर रणधीरनं तो विषय काढला नाही. त्याचं खरं होतं की खोटं, हे दीपालीलाही ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणं नवऱ्याला कुठंतरी लागलंय, एवढं तिला कळत होतं.

गच्ची मात्र दोन्ही घरांची एकच होती. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना दीपालीनं जावेला सगळं सांगितलं. इरम्मा अक्कलकोटकडची, पंचविशी उलटलेल्या मुलीची आई. तिनं चिमटा लावता लावता ऐकलं आणि विचारलं, "तुझ्या घरातल्या टीव्हीवर लागंल का ते?"

"लागायला पाहिजे, अक्का. डबी तुमच्या वायफायला जोडलेली आहे. आमचा टीव्ही तुमच्या वायफायला जोडला, की आत काय आहे ते दिसतं. पण पासवर्ड लागतो, आणि डबीचं खातं लागतं. दादा देणार नाहीत."

"त्यांना कशाला विचारतीस? डबी सृष्टीनं आणलीय." सृष्टी तिची मुलगी, पुण्याला नोकरीला होती. बापाच्या तीस वर्षांच्या कॅसेटी आणि कार्डं जागोजागी खराब होताना बघून तिनंच तो दोन डिस्कचा डबा आणून लावून दिला होता. संध्याकाळपर्यंत सृष्टीनं फोनवरूनच आप्पांच्या नावाचं खातं उघडलं. बघता येईल, पुसता येणार नाही, असं.

दीपाली खासगी इंटरनेट कंपनीच्या कळंबच्या ऑफिसात तक्रारी घ्यायची. वायर कुठं तुटली, राऊटर कुठं ठेवला की रेंज जाते, हे तिला माणसाच्या आवाजावरून कळायचं. बैठकीतला त्रेचाळीस इंची टीव्ही तिनं आप्पांच्या खोलीत नेला. रणधीरनं खांब धरावा तसा एका बाजूनं धरला आणि म्हणाला, "आपल्याला त्यांच्याकडचं काही नको होतं."

"तुम्हाला नको असेल. आप्पांना पाहिजे."

यादी उघडली. जानेवारी २०२१, येळवस, शेत. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. शिवशंकरनं तेव्हा नवा कॅमेरा घेतला होता आणि तो तपासायला दिवसभर शूटिंग केलं होतं. एकशे साठ तुकडे होते. एकालाही नाव नव्हतं. दीपालीनं पहिला लावला. कडब्याची कोप, पूजेसाठी रानात उभारतात ती खोप, दिसली, कोपीसमोर कुणीतरी हिरवं लुगडं नेसलेलं वाकलेलं, ती बाई वळायला लागली आणि चित्र थांबलं. मधोमध गोल फिरायला लागलं.

आप्पा वाट बघत राहिले. गोल फिरत राहिलं. दोन पावलं चित्र पुढं गेलं आणि परत थांबलं.

"याच्यापेक्षा मोबाईलवरचं बरं," रणधीर दारातून म्हणाला. शिवशंकरनं त्या येळवशीच्याच रात्री लहान करून एक तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो आप्पांनी बघितला होता. लुगडं हलतंय, एवढंच त्यांना कळलं होतं.

"त्याच्यात तोंड न्हाय," आप्पा म्हणाले. "दीपाली, ह्याला काय झालंय?"

"कॅमेऱ्यातलं मूळ चित्र लई मोठं आहे आप्पा. डबीतून निघतंय भरपूर, पण मधली भिंत आणि दोन खोल्या ओलांडून हवेतनं इथवर पोचेपर्यंत थोडंच राहतं."

आप्पांनी मान हलवली. "म्हंजी वर पाणी सुटलंय, कालव्याच्या शेवटाला, टेलला येत न्हाय."

"तसंच."

"मग पाईप टाकावा लागंल."

"तार टाकावी लागेल," दीपाली म्हणाली. "भिंतीतनं."

*

शिवशंकर बेंबळीला साखरपुड्याच्या शूटिंगला निघाला होता. पार्टीचा अर्ध्या वाटेत फोन आला, की मुलीच्या चुलत्याला ॲडमिट केलंय, पुढची तारीख कळवू. तो परत फिरला. स्टुडिओच्या रस्त्याकडच्या दारानं आत आला, बॅग ठेवली, आणि घरात कुणाला हाक न मारता संगणकासमोर बसला.

मशीनचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, शेजारी फर्निचरचं काम काढलंय. आवाज जवळ आला. मग संगणकाच्या पडद्यामागच्या भिंतीतून पोपडा सुटला, टेबलावर पांढरी भुकटी पडली, आणि भिंतीतून ड्रिलचं टोक बाहेर आलं. दोनदा फिरलं आणि थांबलं.

तो उभा राहिला. त्याच वेळी आतल्या दारातून इरम्मा केरसुणी आणि सुपली घेऊन आली. नवरा दिसताच ती जागीच थांबली.

"हे कोण करतंय?"

"दीपाली. ऑफिसातलं मशीन आणलंय तिनं."

"कुणाला विचारून?"

"मला." इरम्मानं सुपली टेबलावर ठेवली. "खूण मीच करून दिली पेन्सिलीनं. टेबलाच्या मागं, तुमाला दिसणार न्हाई अशा जागी."

"माझ्या मागं माझ्या घराला भोकं पाडायला लागलात तुमी दोघी."

"आप्पांना अव्वा बघायचीय."

"मग आप्पांनी हितं यावं. म्या दाखवतो म्हणलो व्हतो की. कवा न्हाय म्हणलो?"

"दोनदा आले." इरम्मा आवाज न चढवता बोलत होती, आणि तेच शिवशंकरला जड जात होतं. "एकदा तुमचं लग्नाचं काम चाललं होतं. एकदा गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक गेलं, आप्पा बाकड्यावर बसून राहिले, तरी तुमी ते उघडलं न्हाई. सकाळी संगणक लावला की तुमी त्याच्यावर बाण नेता, अन् मागं आणता. रोज. मी चहा घेऊन मागं उभी असते. तुमाला वाटतं, कुणी बघत न्हाई."

ते खरं होतं. साडेचार वर्षांत त्यानं कळंबमधली, ढोकीतली, लोहाऱ्यातली शेकडो लग्नं कापली, जोडली, गाणी लावून दिली. त्या एका दिवसाला हात लावला नव्हता. ज्या माणसानं शेवटचं बघितलं नाही त्यानं आधीचं तरी कसं बघावं, असं त्याला वाटायचं, आणि हे कुणाला सांगायचं म्हटलं तर शब्द सापडायचे नाहीत. त्यापेक्षा रणधीरला शिव्या देणं सोपं होतं.

भोकातून दीपालीचा आवाज आला. "अक्का, आलं का पलीकडं?"

इरम्मा नवऱ्याकडं बघत राहिली.

पलीकडं काहीतरी कुजबुज झाली. मग भोकातून आप्पांचा आवाज आला. "शिवा हाय का तितं?"

"हाय," शिवशंकर म्हणाला.

"मला डोळे हायेत तवर बघू दे." आवाज भोकाच्या आणखी जवळ आला. "तू नको बघू. तुला जमत नसंल तर नको बघू. मला बघू दे."

शिवशंकरनं चष्मा काढून शर्टाला पुसला. परत घातला. मग वाकून भोकाजवळ तोंड नेलं आणि म्हणाला, "तार लोटा."

निळी तार हळूहळू आत आली. ती त्यानंच ओढून घेतली, टेबलाच्या पायाला वळसा दिला, आणि डबीशेजारच्या राऊटरमध्ये टोक बसवलं. हिरवा दिवा लागला.

"दोन हात तार ढिली राहू द्या," तो भिंतीकडं बघून म्हणाला. "अन् दाराच्या फटीतनं नेऊ नका, कापंल." मग बायकोला म्हणाला, "म्या तिकडं येणार न्हाय. ते मला सांगू नको."

"कुणी सांगितलंय," इरम्मा म्हणाली, आणि केर भरायला लागली.

*

यंदाच्या येळवशीला आप्पा शेतात गेले नाहीत. डॉक्टरनं धुळीत जायला मनाई केली होती. दोन्ही भावांनी शेतातली पूजा केली, पण वेगवेगळ्या वेळी. रणधीर पोचला तेव्हा कोपीत पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना आधीच हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि आंबिलीचं मडकं झाकून ठेवलेलं होतं. त्यानंही हळदकुंकू वाहिलं आणि परत आला.

दुपारी घरी आला तेव्हा इरम्मा वहिनी त्याच्या स्वयंपाकघरात होती. भाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, बाजरीच्या भाकरी, सगळं ती रस्त्यानं वळसा घालून घेऊन आली होती. चार वर्षांत असं झालं नव्हतं. रणधीरनं दीपालीकडं बघितलं. दीपालीनं ताटं मांडता मांडता सांगितलं, "आप्पा आजही सकाळपासून बसलेत. काल चाळीस तुकडे झाले. आज सत्तर झाले."

रणधीर खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत जायचं त्याच्या मनात नव्हतं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वर्गात दिवसभर बोलणारा माणूस. पण अव्वाचा विषय निघाला की तो उठून जायचा. तार लागल्यापासून चित्र एकदाही अडकलं नव्हतं. कडब्याच्या पानांच्या शिरा वेगवेगळ्या दिसत होत्या. आप्पांनी खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढली होती आणि मान डावीकडं कलती करून ते बघत होते. मागं पलंगावर आता दीपाली आणि इरम्मा येऊन बसल्या.

पुढचा तुकडा लागला. हा तुकडा कुणी हातात धरून काढलेला नव्हता. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून शिवशंकर कुठंतरी निघून गेला होता. समोर चूल, मडकं, आणि अव्वाचे हात. ती उंडे वळत होती. चित्र तिच्या खांद्याशी कापलेलं होतं. तोंड चौकटीच्या वर, बाहेर राहिलं होतं. एक माणूस येऊन पाठमोरा बसला. तो रणधीर होता.

"शिवू कुठंय?" अव्वाचा आवाज आला.

"विहिरीवर. आप्पासंगं."

"मग बस जरा. तुला एक सांगायचंय. ही रोगराई परत यील म्हणतेत. मला काय झालं तर शिवूला सांगू नको."

दारात उभ्या असलेल्या रणधीरचा हात चौकटीवर गेला.

"येळवशीच्या दिवशी काय बोलती अव्वा," टीव्हीतला रणधीर म्हणाला.

"ऐक. त्याच्या काळजात जाळी बसवून दोन म्हैने झालेत. मी दवाखान्यात हाय म्हणलं की त्यो धावत यील. इरम्मानं अडवलं तरी यील, मी ओळखते त्याला. तितं आला तर मी राहीन का न्हाय ठाव न्हाय, पर त्यो राहायचा न्हाय. मग त्याच्या लेकरानं कुणाकडं बघायचं? त्याला सांगायचं, अव्वा बरी हाय, निजलीय. मी बरी झाले तर माझं मी सांगीन."

"अन् नंतर दादा मला काय म्हणतील?"

अव्वाचे हात थांबले. मग परत वळायला लागले. "शिव्या दील. खा. थोरल्या भावाच्या शिव्या हायेत, परक्याच्या न्हाईत. व्हय म्हण."

पाठमोरा माणूस काटकीनं माती उकरत राहिला.

"व्हय म्हण रणू."

"व्हय."

"ने हे ताट तिकडं," अव्वा म्हणाली, आणि हात पिठात घातले. लांबून शिवशंकरचा आवाज आला, कॅमेरा चालू राहिला काय म्हणून, आणि तुकडा संपला.

दीपालीनं मागं वळून दाराकडं बघितलं. रणधीर तिथं नव्हता. तो मागच्या दारात जाऊन बसला होता. ती त्याच्यामागं गेली, शेजारी बसली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. "मी कधी विचारलं नाही तुम्हाला," एवढंच तिच्या तोंडून आलं.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," रणधीर म्हणाला.

"माहीत आहे."

खोलीतून इरम्मा उठली. दोन घरांच्या मधे दार नव्हतं. ती अंगण ओलांडून, रस्त्यानं, पायात चपला न घालता पुढच्या घरी गेली.

शिवशंकर स्टुडिओत बसला होता. डबीवरचा दिवा सकाळपासून लुकलुकत होता; पलीकडं काहीतरी चाललंय, एवढं त्याला त्यावरून कळत होतं. कोणता तुकडा चाललाय ते कळत नव्हतं. दिवा लुकलुकायचा थांबला, आणि थोड्या वेळानं दारात बायको उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"म्या सांगितलं होतं, तिकडं येणार न्हाय."

"तिकडं या म्हणायला मी आले नसते. पण हे मी माझ्या तोंडानं सांगितलं तर तुमी म्हणाल, इरम्मा दीपालीला सामील झाली. तुमीच ऐका."

तिचा चेहरा बघून तो उठला.

रणधीरच्या उंबऱ्यात तो क्षणभर थांबला. मग आत आला. बैठकीत टीव्हीची जागा रिकामी होती. अव्वाच्या खोलीत आप्पा खुर्चीवर होते. त्यांनी पावलांवरून ओळखलं. "ये शिवा. दीपाली, मागं घे ते."

दीपाली मागच्या दारातून उठून आली. तिनं तुकडा परत लावला.

शिवशंकर उभ्यानंच ऐकत होता. 'अव्वा बरी हाय, निजलीय' हे शब्द आले तेव्हा तो पलंगाच्या कडेवर बसला. हेच शब्द त्यानं फोनवर ऐकले होते, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, एक अक्षर इकडं-तिकडं न होता. तुकडा संपला.

"परत लाव," तो म्हणाला.

तिनं परत लावला. या वेळी तो चित्राकडं बघत नव्हता, खाली फरशीकडं बघत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "रणधीर कुठंय?"

रणधीर मागच्या दारातून येऊन खोलीच्या दारात उभा होता.

"दहाव्याला तू सांगितलं व्हतंस."

"व्हय."

"अन् म्या तुला..."

"जाऊ द्या दादा."

"जाऊ कसं द्यू?" शिवशंकर म्हणाला. "साडेचार वर्षं हायेत ती. तू परत का न्हाय बोललास? भांडायचं तर व्हतं."

रणधीरनं खांदे हलवले. "भांडून काय झालं असतं. तुमी म्हणला असता, पुरावा दाखव. माझ्याकडं कुठं होता."

शिवशंकरनं मान खाली घातली. पुरावा त्याच्या टेबलावर होता, पहिल्या दिवसापासून. त्यानं फक्त उघडला नव्हता.

इरम्मा पदरानं डोळे पुसत होती. दीपाली रिमोट हातात धरून उभी होती, आता काय करावं हे न कळून. तेवढ्यात आप्पांनी खुर्ची थोडी पुढं सरकवली.

"झालं का तुमचं?" ते म्हणाले. आवाज कोरडा नव्हता, पण घाईचा होता. "ह्याच्यात तिचे हातच हायेत. ते म्या ओळखले. दोन दिस झाले, एकतर पाठ दिसती न्हाय तर हात दिसतेत. तोंड कवा दिसणार?"

शंभराच्या वर तुकडे बघून झाले होते. अव्वा कामात होती, कॅमेऱ्याकडं कशाला बघेल?

शिवशंकरनं हात पुढं केला. "आण हिकडं." दीपालीनं रिमोट दिला. तो आप्पांच्या खुर्चीशेजारी खाली बसला आणि तुकडे एकामागून एक पुढं ढकलायला लागला. उन्हाचा रंग बघत होता तो. "जेवणं झाल्यावर, उतरत्या उन्हात," तो पुटपुटला. "बांधावर ज्वारीपाशी. आंबील शिंपडायला गेली व्हती. म्या जवळनं घेतलीय." एकशे एकोणतिसावा. तिसावा. एकतिसावा.

लावला. ज्वारीची हिरवी ताटं, त्यांच्यावर तिरपं ऊन, आणि चेहरा. सगळा पडदा भरून अव्वाचा चेहरा. कपाळावर विभूतीचे पट्टे, घामानं मधेच पुसट झालेले. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. ती कॅमेऱ्यामागच्या मुलाला काहीतरी म्हणत होती आणि हसू दाबत होती.

शिवशंकरनं चित्र थांबवलं. ती तशीच राहिली, ओठ अर्धे उघडे.

आप्पा पडद्याकडं वाकले. नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले. मान डावीकडं घेतली, मग आणखी डावीकडं, डाग बाजूला सरून ती कडेनं दिसेपर्यंत. आणि मग तसेच थांबले.

"दात पडला व्हता व्हय तिचा, हा?" बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "मला कवा दिसलाच न्हाय."

"त्याच साली पडला," इरम्मा म्हणाली.

"अन् हितं तीळ. हा व्हता. हा ठाव व्हता मला." ते आता कुणाशी बोलत नव्हते. "जावा तुमी. जेवा जावा. मला बसू द्या."

इरम्मानं दीपालीला खुणावलं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. शिवशंकर गुडघ्यावर हात ठेवून उठला, आप्पांच्या हाताखाली रिमोट ठेवला, कोणतं बटण दाबलं की ती बोलायला लागेल ते त्यांचं बोट धरून दाखवलं, आणि बाहेर आला.

मागच्या दाराच्या पायरीवर रणधीर परत जाऊन बसला होता. शिवशंकर त्याच्याशेजारी बसला. इरम्मानं भज्जीची दोन ताटं आणून समोर ठेवली आणि आत गेली. दोघांनी हात लावला नाही. खोलीतून अव्वाचा आवाज आला, थांबला, परत आला.

"मला सांग," शिवशंकर म्हणाला.

"काय?"

"लातूरचं. पाच दिवसांचं सगळं. पहिल्या दिवसापासनं सांग, काय गाळू नको. तू व्हतास तितं. मी नव्हतो."

रणधीरनं ताट थोडं बाजूला सारलं आणि भावाकडं तोंड करून बसला.

"पहिल्या दिवशी तिनं चहा मागितला," तो म्हणाला. "बिनसाखरेचा आणला म्हणून नर्सला बोलली."